गोरं ठरण्यासाठी लढलेला खटला : अमेरिका विरुद्ध भगतसिंग थिंद, १९२३

‘पंजाबात अमृतसर इथे जन्मलेला, संपूर्ण हिंदुस्थानी रक्ताचा, उच्च जातीचा हिंदू कायद्याच्या दृष्टीने गोरा ठरतो का?’ जानेवारी १९२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जवळजवळ याच शब्दांत एक प्रश्न आला. ज्याच्याबद्दल तो विचारला गेला तो माणूस धर्माने शीख होता आणि अमेरिकी सैन्यातून सन्मानाने निवृत्त झालेला होता. नागरिकत्व त्याला एकदा देऊन काढून घेतलं होतं, आणि दुसऱ्यांदा मिळालेलं टिकतं की जातं हे आता ठरायचं होतं. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला : असा माणूस गोरा ठरत नाही.

अमेरिकेतल्या वंशभेदाबद्दल मराठीत वाचताना आपल्यासमोर बहुतेकदा दोनच बाजू येतात, गोरे आणि काळे. भगतसिंग थिंद यांच्या प्रकरणात आपण स्वतः मधे येऊन उभे राहतो आणि तिथेच ते अवघड होतं. ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस आपला आहे, आणि त्याच्या बचावासाठी जो युक्तिवाद केला गेला तोही आपल्याच घरातून नेलेला आहे. यातली एक बाजू झाकून दुसरी सांगितली की हा खटला हातातून निसटतो. म्हणून दोन्ही सांगतो.

कायद्याने घातलेली अट

अमेरिकेचा पहिला नागरिकत्व कायदा १७९०चा. परदेशातून आलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’ना नागरिक होता येईल, असं त्यात होतं. यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली आणि १८७०मध्ये या अटीत भर पडली : आफ्रिकेत जन्मलेले आणि आफ्रिकी वंशाचे लोकही आता पात्र ठरले. गोऱ्यांची अट मात्र तशीच राहिली. त्यामुळे चिनी, जपानी, अरब, आर्मेनियन, हिंदुस्थानी असा जो कोणी अर्ज करी त्याला दोनपैकी एक काहीतरी असल्याचं सिद्ध करावं लागे, गोरा किंवा आफ्रिकी.

१८७८ ते १९५२ या काळात वंशाच्या अटीवरून लढले गेलेले ५२ खटले अभ्यासकांनी मोजले आहेत. त्यांपैकी एकाच अर्जदाराने ‘मी आफ्रिकी वंशाचा आहे’ असा दावा केला. बाकीचे सगळे आपण गोरे असल्याचं पटवायला उभे राहिले. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही दारं उघडी होती, पण काळ्या माणसाच्या दारातून आत गेल्यावर पुढे काय वाढून ठेवलंय हे प्रत्येकाला रस्त्यावर दिसत होतं. दक्षिणेतल्या राज्यांत शाळा, रेल्वेचे डबे, पाण्याचे नळ, सगळं वेगळं. मतदानाचा हक्क कागदावर. जमावाने माणसं फासावर लटकवायची आणि कोणाला शिक्षा होऊ नये, असे दिवस. गोरा ठरण्याचा अट्टाहास समजून घ्यायचा तर ही भीती आधी समजून घ्यावी लागते.

‘हिंदू’ म्हणून कोण दिसत होतं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया या पश्चिम किनाऱ्याच्या राज्यांत काही हजार हिंदुस्थानी लोक पोहोचले होते. बहुतेक पंजाबी, त्यातही शीख, काही मुसलमान. लाकडाच्या गिरण्या, रेल्वेचे रूळ आणि फळबागा इथे ते राबत. अमेरिकन लोकांच्या लेखी हे सगळे सरसकट ‘हिंदू’. हा शब्द तिथे धर्माचा नव्हता, वंशाचा होता. १९२०, १९३० आणि १९४०च्या जनगणनेत तर वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ असा स्वतंत्र पर्यायच होता, आणि अमृतसरचा शीख त्यातच मोजला जाई.

या लोकांची जी ठोकळेबाज प्रतिमा तयार झाली ती वर्तमानपत्रांनी पोसली आणि सरकारी अहवालांनी तिच्यावर शिक्का मारला. हे घाणेरडे आहेत, कमी पैशांत राबून गोऱ्या कामगारांच्या पोटावर पाय देतात, डोक्याला चिंध्या गुंडाळतात, इथल्या समाजात कधीच मिसळणार नाहीत, असं हे चित्र. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात काहीशे गोऱ्यांच्या जमावाने गिरणीकामगारांच्या राहत्या जागांवर हल्ला केला, माणसांना खेचून बाहेर काढलं, त्यांचं सामान लुटलं. दोन-चार दिवसांत गावात एकही हिंदुस्थानी उरला नाही. त्यानंतर काही वर्षांनी अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, नेमलेल्या स्थलांतर आयोगाने लिहून ठेवलं की आजवर देशात येऊ दिलेल्या सगळ्या वंशांत पश्चिम किनाऱ्यावर सर्वांत नकोसा वाटणारा वंश हाच. १९१७च्या कायद्याने आशियाचा मोठा भाग ‘बंदीचा पट्टा’ ठरवला आणि हिंदुस्थानातून मजूर येणं थांबलं.

थिंद त्याआधीच पोहोचले होते. जन्म १८९२चा, अमृतसर जिल्ह्यातला. जुलै १९१३मध्ये ते सिॲटल बंदरात उतरले. ओरेगॉनमध्ये ॲस्टोरियाच्या लाकडाच्या गिरणीत काम करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. हिंदुस्थानातून इंग्रजांना घालवण्यासाठी तिथल्या हिंदुस्थान्यांनी उभारलेल्या गदर चळवळीची पहिली सभा त्याच वर्षी याच ॲस्टोरियात भरली होती. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे त्या सुमारास याच भागातल्या कामगारांत वावरत होते. थिंद या मंडळींच्या ओळखीचे होते आणि हिंदुस्थान स्वतंत्र व्हावा असं उघड म्हणत. हे पुढे त्यांना भोवणार होतं.

१९१८च्या उन्हाळ्यात, पहिलं महायुद्ध चालू असताना, ते अमेरिकी सैन्यात भरती झाले. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुईस इथला त्यांचा फोटो उपलब्ध आहे. रांगेत सगळ्यांचा गणवेश एकसारखा आणि त्यात एका माणसाच्या डोक्यावर फेटा. भरघोस दाढी, ताठ मान. अमेरिकी सैन्यात फेट्यासह सेवा केलेल्या अगदी पहिल्या शिखांत त्यांची गणना होते. ९ डिसेंबर १९१८ रोजी गणवेशातच त्यांना नागरिकत्व मिळालं. चार दिवसांत ते रद्द झालं, कारण अर्जदार ‘मुक्त गोरी व्यक्ती’ नाही. पुढच्याच आठवड्यात सैन्यातून त्यांना सन्मानाने मोकळं करण्यात आलं.

१९१९मध्ये त्यांनी ओरेगॉनमध्ये पुन्हा अर्ज केला. नागरिकत्व विभागाच्या अधिकाऱ्याने वंशाचा मुद्दा काढलाच, शिवाय गदरशी असलेल्या संबंधांवरही बोट ठेवलं. न्यायाधीश चार्ल्स वुल्व्हर्टन यांनी थिंद यांची साक्ष ऐकली, सैन्यातली नोंद पाहिली, हा माणूस प्रामाणिक आहे असा निर्वाळा दिला आणि १८ नोव्हेंबर १९२० रोजी नागरिकत्व मंजूर केलं. सरकार अपिलात गेलं आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

युक्तिवाद

थिंद यांच्या वकिलांनी जी वाट धरली ती आधीच पडलेली होती. न्यूयॉर्कमध्ये राहणारे भिकाजी बलसारा नावाचे पारशी गृहस्थ १९१०मध्ये अपिलात गोरे ठरले होते. १९१३मध्ये अक्षयकुमार मजुमदार यांनी आपण उच्च जातीचे हिंदू आहोत, म्हणून आर्य आहोत, म्हणून गोरे आहोत, अशी पायरीपायरीने मांडणी करून नागरिकत्व मिळवलं होतं. त्यातच नोव्हेंबर १९२२मध्ये, थिंद यांच्या सुनावणीच्या जेमतेम दोन महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा खटला निकालात काढला. ओझावा यांचं शिक्षण अमेरिकेत झालेलं, घरी ते इंग्रजी बोलत, आणि आपली कातडी कित्येक गोऱ्यांपेक्षा उजळ आहे असंही त्यांचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी सांगितलं की रंग हा निकष नाही. गोरा म्हणजे कॉकेशियन, म्हणजे युरोपीय लोक ज्या गटात धरले जात त्या वंशाचा, आणि जपानी माणूस कॉकेशियन नाही.

थिंद यांच्या वकिलांना वाटलं, आता काम फत्ते. त्या काळचे मानववंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियन गटातच घालत. भाषाशास्त्र आर्य म्हणत होतंच. एकच शंका उरत होती : हजारो वर्षं हिंदुस्थानात राहिल्यावर ते रक्त ‘शुद्ध’ उरलं आहे कशावरून? या शंकेला त्यांनी जातीचं उत्तर दिलं. उच्च जातीच्या लोकांनी बेटीव्यवहार काटेकोरपणे आपल्यातच ठेवला, म्हणून रक्तात मिसळ झाली नाही, असा हा दावा. त्यापुढचं वाक्य तर वाचवत नाही. लेखी निवेदनात असं म्हटलं होतं की लग्नसंबंधांच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू हा हिंदुस्थानातल्या मूळ रहिवाशाकडे त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो.

म्हणजे न्यायाधीशांना सांगणं असं होतं की तुम्ही ज्यांना खाली ठेवता तसे आमच्याकडेही आहेत, आम्हीही त्यांना खाली ठेवतो, तेव्हा आम्ही तुमच्यातलेच.

हे शिखाच्या नावाने मांडलं गेलं याचं मला फार वाईट वाटतं. जातपात न मानणारी गुरूंची शिकवण, राजा आणि भंगी एकाच पंगतीत बसवणारा लंगर, हा ज्याचा वारसा त्याला ‘उच्च जातीचा हिंदू’ म्हणून न्यायालयात उभं राहावं लागलं. शिखांमध्ये व्यवहारात जात उरली नव्हती असं नाही, पण या ठिकाणी धर्माने जे नाकारलं तेच गुणपत्रक म्हणून पुढे करण्यात आलं.

महाराष्ट्रात हे वाचणाऱ्याला आणखी एक तारीख आठवते. बरोबर पन्नास वर्षं आधी, १८७३मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं होतं. काळ्यांना गुलामीतून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या निष्ठेबद्दल आदर म्हणून, आणि आपले देशबांधव त्यांचा कित्ता घेऊन शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवतील या आशेने. गुलामी आणि जात शेजारी ठेवून पाहणं फुल्यांनीही केलं आणि थिंद यांच्या वकिलांनीही केलं. फुल्यांना दोन्ही मोडायच्या होत्या. वकिलांना एकीच्या आधाराने दुसरीत जागा हवी होती.

निकाल

सदरलँड यांनीच हाही निकाल लिहिला. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी शास्त्राचा आधार घेतला होता. आता तोच आधार अडचणीचा झाल्यावर तो बाजूला ठेवला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : ‘मुक्त गोऱ्या व्यक्ती’ हे सामान्य माणसाच्या बोलण्यातले शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणेच लावला पाहिजे. सोनेरी केसांचा स्कँडिनेव्हियन आणि तपकिरी हिंदू यांचा पूर्वज कुठल्यातरी धूसर भूतकाळात एक असेलही, पण आज त्यांच्यात केवढा फरक आहे हे कुणालाही चांगलं ठाऊक आहे. बहुसंख्य अमेरिकनांना तो फरक उपजतच जाणवतो आणि अशा लोकांना आपल्यात मिसळून घेण्याची कल्पना ते झिडकारतात. यात श्रेष्ठ-कनिष्ठाचा प्रश्न आमच्या मनातही नाही, असंही जोडून टाकलं.

ज्या समाजाच्या पूर्वग्रहापासून संरक्षण मागायला माणूस न्यायालयात आला, त्याच समाजाचा पूर्वग्रह हा कायद्याच्या अर्थाचा आधार ठरला. बेलिंगहॅमच्या जमावाला जे वाटत होतं त्याला आता सर्वोच्च न्यायालयाची सही मिळाली. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सदरलँड स्वतः जन्माने अमेरिकन नव्हते. त्यांचा जन्म इंग्लंडमधला, लहानपणी आईवडिलांबरोबर ते अमेरिकेत आले. त्यांच्यासाठी कोणी वंशशास्त्राची पुस्तकं उघडली नव्हती.

जातीच्या मुद्द्याचं काय झालं? न्यायालयाने तो दोन ओळींत निकाली काढला. पंजाब आणि राजपुतान्यात आक्रमकांनी वंशशुद्धी राखण्याचा प्रयत्न केला, पण आंतरविवाह झालेच. मिसळ होऊ नये म्हणून जातीचे नियम होते खरे, पण त्यांना पुरतं यश आलेलं दिसत नाही. ज्या दाखल्यावर सगळी भिस्त होती तो असा परत आला.

हा युक्तिवाद चुकला कुठे, यावर बरंच लिहिलं गेलं आहे. काहींच्या मते वकिलांपुढे पर्यायच नव्हता; कायद्यात अट वंशाची होती, तर वंशाबद्दलच बोलावं लागणार. हे मान्य करावं लागतं. वंशाची अट घटनेविरुद्ध आहे असं १९२३मध्ये कोणी म्हटलं असतं तर ते टिकण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. पण काळ्यांना खाली दाखवल्याशिवाय आपण वर दिसणार नाही, हे कायद्याने सांगितलेलं नव्हतं. ती भर आपल्या बाजूने घातली गेली, आणि फुकट गेली.

मिसिसिपी राज्यातही असंच घडलं. तिथे एका चिनी दुकानदाराच्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं तेव्हा बापाने न्यायालयात मांडलेली तक्रार ही की माझी मुलगी ‘रंगीत’ नाही, तिला काळ्यांच्या शाळेत का घालता? १९२७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही एकमताने फेटाळली आणि वेगळ्या शाळांची व्यवस्था आणखी पक्की झाली. ती व्यवस्था मोडली १९५४मध्ये, आणि ती मोडणाऱ्या काळ्या पालकांनी व त्यांच्या वकिलांनी ‘आमची मुलं गोरी आहेत’ असं म्हटलं नव्हतं. मुलांना रंगावरून वेगळं बसवणं हेच बेकायदा आहे, असं ते म्हणत होते.

निकालानंतरची माणसं

थिंद यांचं नागरिकत्व गेलं, एवढ्यावर हे थांबलं नाही. पूर्वी मिळालेली नागरिकत्वं फसवणुकीने मिळवलेली आहेत असं म्हणून सरकारने ती एकेक करून रद्द करायला घेतली. मजुमदार यांचं गेलं. कॅलिफोर्नियात ‘नागरिकत्वास अपात्र’ परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नसे. निकाल लागताच राज्याच्या महाधिवक्त्यांनी हिंदुस्थान्यांच्या जमिनींकडे मोर्चा वळवला. इम्पीरियल व्हॅलीत वाळवंट फोडून कापूस आणि खरबुजं पिकवणाऱ्या पंजाब्यांना स्वतःची शेती दुसऱ्यांच्या नावावर चढवावी लागली. कोणी ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या नावावर केली, तर कोणी मेक्सिकन बायकोपासून झालेल्या, तिथेच जन्मलेल्या पोरांच्या. बायकांवरही संकट आलं. १९२२च्या कायद्याप्रमाणे अपात्र माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचं नागरिकत्व जाई. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी जन्माने अमेरिकन, काळ्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या. त्या आपल्याच देशात परक्या झाल्या. ही तरतूद १९३१पर्यंत टिकली.

वैष्णोदास बगाई यांची हकीकत मात्र अशी एका ओळीत सांगून पुढे जाता येत नाही. पेशावरचे सधन गृहस्थ. १९१५मध्ये बायको कला आणि तीन मुलांसह ते सॅन फ्रान्सिस्कोला आले ते मजुरीसाठी नव्हे, इंग्रजांच्या राज्यात राहायचं नाही म्हणून. पैसा बरोबर आणला होता. बर्कलीत घर घेतलं आणि सामान घेऊन ते तिथे पोहोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलपं ठोकलेली. कलाबाईंनी तिथे राहायला नकार दिला. ज्यांना आपण नको आहोत त्यांच्यात मुलं वाढवायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. बगाईंनी सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटलं, इंग्रजी पोशाख आणि इंग्रजी रीतभात आत्मसात केली, १९२१मध्ये नागरिकत्व घेतलं. अमेरिकेने चांगल्या स्थलांतरिताकडून जे जे मागितलं ते सगळं त्यांनी केलं.

थिंद निकालानंतर नागरिकत्व गेलं, मालमत्ता विकावी लागली. १९२८मध्ये हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटायला जायचं म्हणून पासपोर्ट मागितला तर तो नाकारला गेला. ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असं सुचवण्यात आलं. ज्या राज्यातून बाहेर पडण्यासाठी त्यांनी घरदार सोडलं होतं, त्याच राज्याची प्रजा म्हणून परतायचं. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी आपलं जीवन संपवलं. जाण्यापूर्वी त्यांनी एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं. हा देश आपलं घर व्हावा या स्वप्नाने आपण इथे आलो, आता सांगतात की तू अमेरिकन नाहीस, असं त्यात आहे. आणि पुढे : या बाजूने अडथळे, त्या बाजूने नाकेबंदी, आणि मागचे पूल जळालेले.

याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये सखाराम गणेश पंडित नावाचे वकील आपलं नागरिकत्व वाचवण्यासाठी लढत होते. १९१४मध्ये ते नागरिक झाले होते. त्यांनी ‘मी गोरा आहे’ हा धोशा लावला नाही. एका न्यायालयाने सगळं तपासून दिलेला निकाल सरकारने तेव्हा आव्हानाशिवाय सोडला, त्या भरवशावर मी वकिली केली, घर केलं, लग्न केलं. आता इतक्या वर्षांनी तोच निकाल पुन्हा उकरता येणार नाही, असं त्यांनी मांडलं. १९२६मध्ये अपील न्यायालयाने हे मान्य केलं, सर्वोच्च न्यायालयाने पुढे दखल घ्यायला नकार दिला आणि मग सरकारनेही बाकीचे दावे गुंडाळले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं वकिली काम ते हेच. बगाईंपर्यंत त्याचा उपयोग पोहोचला नाही.

दार उघडलं कसं

थिंद अमेरिकेतच राहिले. शीख अध्यात्मावर गावोगाव व्याख्यानं देत हिंडले, पुस्तकं लिहिली. १९३५मध्ये एक कायदा झाला : पहिल्या महायुद्धात सेवा केलेल्या सैनिकांना वंशाची अट आड न येता नागरिकत्व मिळेल. त्याखाली १९३६मध्ये ते पुन्हा नागरिक झाले आणि या वेळी कोणी ते काढून घेतलं नाही. १९६७मध्ये त्यांचं निधन झालं. सैन्यात न गेलेल्यांची वाट मात्र बंदच होती. १९३९मध्ये वाडिया आडनावाच्या पारशी अर्जदाराला थिंद निकालाचा दाखला देऊन परत पाठवण्यात आलं. बलसारांना २९ वर्षांपूर्वी मिळालेलं गोरेपण त्यांना मिळालं नाही.

२ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सही केलेल्या कायद्याने हिंदुस्थान्यांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला शंभर माणसांचा कोटा मिळाला. वंशाची अट सर्वांसाठी उठली ती १९५२मध्ये. पंजाबातून आलेले दलीपसिंग सौंद १९४९मध्ये नागरिक झाले आणि १९५६मध्ये त्याच इम्पीरियल व्हॅलीच्या मतदारसंघातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले.

१९४६च्या त्याच जुलै महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं एक पत्र विल्यम ड्युबॉय यांच्याकडे गेलं. बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले होते तेही जुलै १९१३मध्येच. थिंद पश्चिम किनाऱ्यावर लाकडं वाहत होते तेव्हा ते कोलंबिया विद्यापीठात जातीची उत्पत्ती शोधत होते. ड्युबॉय हे काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीतलं मोठं नाव. पत्रात बाबासाहेबांनी लिहिलं होतं की हिंदुस्थानातल्या अस्पृश्यांची स्थिती आणि अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती यांत इतकं साम्य आहे की दुसरीचा अभ्यास स्वाभाविकच नव्हे तर आवश्यक आहे. काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागितल्या. अस्पृश्यांसाठी तशीच वाट धरण्याचा त्यांचा विचार होता. ड्युबॉय यांनी महिनाअखेर उत्तर दिलं, सहानुभूती कळवली, मदतीची तयारी दाखवली. थिंद यांच्या निवेदनात काळा माणूस आणि आपल्याकडे खाली ठेवलेला माणूस शेजारीशेजारी आले होते ते दोघांपासून अंतर दाखवण्यासाठी. या पत्रव्यवहारात तेच दोघे एकमेकांशी बोलू लागले.

भारतीयांसाठी दार खऱ्या अर्थाने सताड उघडलं ते १९६५च्या स्थलांतर कायद्याने. तो कायदा एकटा आलेला नाही. १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मतदान हक्क कायदा यांच्या पाठोपाठ तो आला. वंशावरून माणसांची प्रतवारी लावणारे कायदे आता ठेवता येत नाहीत, अशी हवा काळ्या अमेरिकनांनी तुरुंगात जाऊन, मार खाऊन तयार केली होती. पुणे-मुंबईचे डॉक्टर आणि इंजिनिअर ज्या व्हिसावर गेले, त्यामागे ही माणसं आहेत. अमेरिकेतल्या किती मराठी घरांत मुलांना हे सांगितलं जातं, कोण जाणे. सांगायला हवं.

उलट झालं असं की प्रतिमा बदलली आणि ठोकळा तसाच राहिला. १९०७मध्ये कधीच न मिसळणारा, घाणेरडा असलेला ‘हिंदू’ पुढच्या दोन-तीन पिढ्यांत हुशार, कष्टाळू, कधीही तक्रार न करणारा ‘आदर्श अल्पसंख्याक’ झाला. या कौतुकात एक मेख आहे. नव्या कायद्याने शिकलेल्यांना प्राधान्य दिलं, म्हणून शिकलेले गेले. पण त्यांच्याकडे बोट दाखवून काळ्यांना विचारलं जाऊ लागलं की यांना जमलं, मग तुम्हालाच का जमत नाही? आपल्यातले अनेक जण हा प्रश्न स्वतःहून विचारतात, हे मला सर्वांत जास्त खुपतं. आणि हा मान किती पोकळ आहे ते अधूनमधून कळतंच. ऑगस्ट २०१२मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोऱ्या वर्चस्ववादी बंदूकधाऱ्याने भाविकांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा कोणाचं शिक्षण आणि पगार त्याने विचारला नव्हता.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी, थिंद निकालाला शंभर वर्षं पूर्ण झाल्याच्या दोनच दिवसांनी, सिॲटलच्या नगरपरिषदेने जातीवरून भेदभावाला बंदी करणारा कायदा संमत केला. अमेरिकेतलं हे पहिलं शहर. तो आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. पाठीशी तिथल्या आंबेडकरी संघटना होत्या. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की अशा कायद्याने सगळ्या हिंदूंवर जातीयवादी असल्याचा शिक्का बसेल. बेलिंगहॅमचा इतिहास असलेल्या समाजाला नव्या शिक्क्याची धास्ती वाटणं मी समजू शकतो. पण जात हा विषय अमेरिकेच्या कायद्यात बाहेरच्या कोणी आणून घुसडला, असं म्हटलं जातं तेव्हा ते पटत नाही. तो आपण नेला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि अभिमानाने नेला.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातिभेदविरोधी विधेयक मंजूर केलं आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ते परत पाठवलं. सध्याच्या कायद्यात वंशावळीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी आहेच, जातीचा वेगळा उल्लेख नको, हे त्यांचं कारण. म्हणजे जातीमुळे त्रास झालेल्या माणसाला तिथे आता आधी हे दाखवावं लागेल की जात हा वंशावळीचाच प्रश्न आहे. त्यासाठी त्याच्या वकिलाला लांब जायची गरज नाही. १९२३च्या कागदपत्रांत थिंद यांच्या बाजूने ते स्वच्छ शब्दांत लिहून दिलेलं आहे, आणि वर्षानुवर्षं त्याच आधारावर आपल्या लोकांनी नागरिकत्वाचे अर्ज भरले होते.